'सिस्टर, बाळ कसं आहे?'

नवजात अतिदक्षता विभागात दिवसभर एकच प्रश्न सगळीकडून येत असतो: 'सिस्टर, बाळ कसं आहे?' त्याची दोन सोपी उत्तरं आहेत. एक, 'डॉक्टरांना विचारा.' दुसरं, 'काळजी करू नका, होईल सगळं नीट.' पहिलं उत्तर म्हणजे अंग काढून घेणं आणि दुसरं म्हणजे खोटा धीर, कारण बाराशे ग्रॅमचं बाळ उद्या कसं असेल हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. अनुभवी सिस्टर तिसरंच काहीतरी करते. ती आईला हात कोपरापर्यंत धुवायला लावते आणि आत घेते.

आत आलेली आई आधी बाळाकडे बघतच नाही, ती मॉनिटरकडे बघते. बाळानं पाय झटकला, पावलाला बांधलेला सेन्सर सरकला, आकडे घसरले, यंत्र कोकलायला लागलं की आईच्या काळजाचा ठोका चुकतो. सिस्टर सेन्सर नीट बसवते आणि म्हणते, 'मशीनकडं नका बघू ताई. बाळाचा रंग बघा, छाती हलतेय का बघा.' तिनं काहीही कबूल केलेलं नसतं, बघायचं कसं एवढंच शिकवलेलं असतं. उद्या हीच बाई 'आज जरा पिवळं वाटतंय का?' म्हणून आपण होऊन विचारते. ती भेटायला आलेली नातेवाईक उरलेली नसते.

बाहेर मात्र वेगळीच उलटतपासणी चाललेली असते. ग्रहणात भाजी चिरलीस का, जड उचललंस का, एवढी दगदग कोणी सांगितली होती. दिवस भरण्याआधी बाळ झालं की दोष आईच्या पदरात टाकायची आपल्याकडे रीतच आहे, आणि टाके ओले असलेली ती बाई तो निमूटपणे घेते. अशा वेळी सासूच्या देखत 'यात तुमचं काही चुकलेलं नाही' हे वाक्य पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं म्हणणं, ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे. बापाला तर कोणी विचारतही नाही. तो रक्तपेढी, मेडिकल आणि सह्यांचे कागद यांच्यामध्ये धावत असतो. त्याच्या उघड्या छातीवर बाळ ठेवता येतं, हे अनेकांना तिथं आल्यावरच कळतं.

ही छातीवर ठेवण्याची पद्धत, कांगारू मदर केअर, गरिबीतून आली. १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी आयांनाच ऊब द्यायला लावलं. पुढे कित्येक वर्षं नियम असा होता की बाळ आधी स्थिरस्थावर होऊ दे, मग आईकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं तो उलटवला. पाच देशांतल्या रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचं सफदरजंगही होतं, कमी वजनाची बाळं जन्मल्याबरोबर छातीवर ठेवली गेली, आणि मृत्यू सुमारे एक चतुर्थांशानं कमी झाले. म्हणजे आईला दाराबाहेर ठेवणं ही खबरदारी आहे असं आपण समजत होतो, त्याची किंमत बाळं मोजत होती. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही कुटुंबाला शुश्रूषेत सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना २०१७ मध्येच काढल्या आहेत.

सूचना निघतात, पण राबवायच्या कोणी? रात्रपाळीला हाताशी माणसं कमी आणि पाळण्यांत बाळं भरलेली असताना सिस्टरनं सलाइनचा वेग बघायचा, ट्यूबनं दूध द्यायचं, रजिस्टर भरायचं आणि वर गोडही बोलायचं. मग कधी ती खेकसते, आणि त्याचा व्हिडिओ फिरतो. खेकसणं वाईटच. पण सौजन्य सप्ताहाचे फलक लावून माणुसकीची भरती होत नसते, ती परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरून होते. सेवाभाव हा शब्द मला अलीकडे जरा संशयास्पद वाटू लागलाय. पगार आणि माणसं वाढवायची नसली की तो हमखास भाषणात येतो.

आणि आईचं काय? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातल्या बाळंतिणीला मोफत जेवण ठरलेलं आहे: साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियनला सात. बाळ मात्र महिना-महिना आत असतं. आई खाट सोडून व्हरांड्यात चटईवर येते, दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध पिळून आत देते आणि स्वतः वडापाव-चहावर दिवस काढते. सिस्टर 'दूध वाढवा' म्हणते आणि म्हणता म्हणता स्वतःच्या डब्यातली भाजी-पोळी तिच्यापुढे सरकवते. त्या सिस्टरचं कौतुक करून विषय मिटवणं मला पटत नाही. बाळ आत असेल तितके दिवस त्या आईचं ताट रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या हिशेबात धरलेलं हवं, आणि रात्री पाठ टेकायला खाटही.