ऑटोची निगा

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयाने एक जुनी जी-वॅगन जपून ठेवली आहे. तिचं नाव ऑटो. गुंथर होल्टॉर्फ यांनी विमानव्यवसायातली मोठी नोकरी सोडली आणि १९८८ साली ही गाडी घेऊन ते आफ्रिका पाहायला निघाले. प्रवास संपला तो २०१४ साली. तोवर पावणेदोनशेहून अधिक देश आणि जवळपास नऊ लाख किलोमीटर झाले होते. पृथ्वीला बावीस वेळा फेरी मारावी इतकं हे अंतर. बहुतेक वाटचालीत पत्नी क्रिस्टीन बरोबर होत्या. २०१० मध्ये त्या गेल्या, तरी गाडी थांबली नाही.

मागची सीटं काढून तिथे गादी घातलेली. स्वयंपाक गाडीशेजारीच. छपरावर सुट्या भागांच्या पेट्या. कोणी प्रायोजक नाही.

एवढं अंतर कापणाऱ्या गाडीचं इंजिन जबरदस्त असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते होतं ८८ अश्वशक्तीचं, पाच सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन. तेवढी ताकद आज लहानशा घरगुती मोटारीतही मिळते. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा नाही. होल्टॉर्फ गाडी ताशी ऐंशीच्या आतच चालवत आणि बरीचशी देखभाल स्वतःच्या हाताने करत.

अशी गाडी बाळगणाऱ्याची सकाळ कशी असते? इंजिन थंड असतानाच तो ऑइल आणि कूलंट बघतो. काल दिवसभर धुळीतून आला असेल, तर एअर फिल्टर काढून झटकतो. खडबडीत रस्त्याच्या सततच्या थरथरीने नट-बोल्ट सैल होतात, म्हणून चाकांपासून छपरावरच्या कॅरिअरपर्यंत पाना फिरवतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी सोडून देतो. नदी ओलांडली असेल, तर ॲक्सलमधलं ऑइल दुधाळ झालंय का ते पाहतो. दुधाळ म्हणजे पाणी शिरलं, ऑइल बदलायला हवं. वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करायची आणि डांबरी रस्ता लागला की आठवणीने पुन्हा भरायची. यातलं एकही काम फोटो काढण्यासारखं नसतं. मोठी कहाणी सांगितली जाते ती वाळवंटात इंजिन उघडून बसलेल्या माणसाची. ज्याने वेळेवर फिल्टर साफ केला, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच उरत नाही. गाडी चालत राहते, एवढंच.

निगेचं दुर्दैव हेच. ती यशस्वी झाली की दिसेनाशी होते. बिघाड दुरुस्त करणाऱ्याला शाबासकी मिळते. बिघाड होऊ न देणाऱ्याला ‘तुमचं नशीब चांगलं’ असं ऐकावं लागतं. म्हणूनच आपण निगेत कुचराई करतो. मग गाडी असो, शरीर असो की जुनी मैत्री.

आणि हळू चालवणं हाही निगेचाच भाग आहे. यंत्राची सगळी ताकद रोज पिळून काढणारा लवकर पोहोचतो, पण फार दूर जात नाही. चढाला, चिखलाला, अडीअडचणीला लागणारं बळ सपाट रस्त्यावर राखून ठेवायचं असतं. ऑटोवर नेहमीच भरपूर ओझं होतं. ते इतकी वर्षं पेललं गेलं, त्यात लोखंडाइतकाच चालवणाऱ्याच्या संयमाचा वाटा आहे.

आपल्यापैकी फार थोडे जण अशा सफरीवर निघतील. पण ज्यांच्या जोरावर आपले दिवस चालतात, अशा वस्तू आणि अशी माणसं प्रत्येकाच्या घरात असतात. त्यांच्याकडे आपलं लक्ष जातं ते बहुधा काही बिनसल्यावरच. आज सगळं सुरळीत चालू आहे ना? मग त्यांची विचारपूस करायला आजच्याइतका चांगला दिवस नाही.