एका नगाचं काम

ओबी-वान केनोबी या वृद्ध योद्ध्याच्या लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीची, मूठ कुणी नव्याने घडवली नव्हती, ती जुळवली गेली होती. १९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या सेटची सजावट रॉजर क्रिश्चन यांच्याकडे होती. हाताशी पैसा बेताचा, म्हणून लंडनमधल्या भंगारातून आणि जुन्या मालाच्या दुकानांतून वस्तू गोळा झाल्या. त्या मुठीत पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा खाचांचा भाग आहे, रोल्स-रॉईसच्या डर्वेंट जेट इंजिनातली एक नळी आहे आणि बुडाशी न्हाणीघरातल्या नळाची फिरकी आहे. ल्यूक या तरुण नायकाच्या तलवारीला तर ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशची दांडीच मूठ म्हणून लावली. त्या वर्षीच्या कलादिग्दर्शनाच्या ऑस्करच्या मानकऱ्यांत क्रिश्चनही होते.

या मुठीची अ‍ॅल्युमिनियमची प्रतिकृती मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतो आहे. ड्रॉइंग पुढे ठेवलं, तेव्हा तिथल्या लेथवरच्या मिस्त्रींनी बराच वेळ ते पाहिलं आणि विचारलं, “हे कशात बसतंय?”

लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न असणारच. जिथे दुसरा भाग बसायचा असतो तिथलं माप काटेकोर धरायचं, बाकीची मापं थोडी सैल सोडायची. कामाचा वेळ आणि दर त्यावरच ठरतो. मी म्हणालो, कशातच बसत नाही, कपाटात ठेवायचं आहे. त्यांनी मान हलवली आणि ड्रॉइंगवर खुणा करायला घेतल्या. प्रश्न त्यांच्यापुरता मिटला होता. माझ्यापुरता तो तेव्हापासून उघडाच आहे.

ज्या वस्तूचं मूळ हाताला लागेल ते घेऊन घाईने जुळवलेलं, तिच्या नकलेत मी दशांश मिलिमीटरचा आग्रह का धरतो? ही निष्ठा म्हणायची की नुसती हाव? याच गावात १९१८ साली बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः तयार केला. यंत्र कसं चालतं हे समजून घेऊन त्यांनी ते पुन्हा घडवलं आणि त्या खटपटीतूनच पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. त्यांच्या कॅमेऱ्यातल्या प्रत्येक भागाला ‘कशात बसतंय’ याचं उत्तर होतं. माझ्या मुठीतला एकही भाग काही उचलत नाही, फिरवत नाही. हे मी स्वतःशी स्पष्ट बोललो नाही, तर पुढचा सगळा विचार खोटा ठरेल.

तरीही हे काम थांबवावंसं मला वाटत नाही. ग्रेनेडच्या त्या खाचा तरुण सैनिकांच्या हातात असताना मारण्यासाठी होत्या. कुणीतरी ते लोखंड उचललं आणि त्यात एका वृद्ध, शांत योद्ध्याची मूठ पाहिली. ती नजर मला फार मोठी वाटते, आणि खाच न् खाच मोजताना मी त्याच नजरेच्या जवळ जाऊ पाहतो आहे. काटेकोरपणामागे हे प्रेम असेल तर तो निष्ठाच आहे. पण पुढे कुणी ओळखीचा येऊन “हुबेहूब!” म्हणेल आणि त्या शब्दानेच मला समाधान मिळेल, तेव्हा तो हावेकडे झुकलेला असेल. दोन्ही माझ्यात आहेत, आणि कोणतं कधी बोलतं हे मला ओळखता आलं पाहिजे.

खरी कसोटी पैशाची आहे. शंभर नग असले की लेथचं सेटिंग शंभरांत वाटलं जातं. एकच नग असला की सगळं सेटिंग त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने झटपट कापलं जातं असं आपल्याला वाटतं, पण ते टूलच्या धारेला चिकटतं. म्हणून मिस्त्री रॉकेलचा हात देत राहतात. पातळ भिंतीची नळी चकात जास्त आवळली तर गोलाई बिघडते, कमी आवळली तर जॉब निसटतो. पुढे अ‍ॅनोडायझिंगमध्ये पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर थोडा आत आणि थोडा बाहेर वाढतो, तेव्हा आटे आधीच किंचित सैल ठेवावे लागतात. हा हिशोब माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता, त्यांच्या हातात होता. त्यांनी दर सांगितला तेव्हा “एवढाच तर तुकडा आहे” हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं. तुकडा लहान असला तरी त्यासाठी लागणारं ज्ञान लहान नसतं. परदेशातून येणाऱ्या तयार प्रतिकृतीची किंमत मी कुरकुर न करता मोजली असती, मग इथेच घासाघीस का सुचावी? हे मनात आलं, एवढ्यानेही मला स्वतःबद्दल पुरेसं कळलं.

श्रेयाचाही प्रश्न आहे. याच चित्रपटातल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांची हेल्मेटं घडवणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे त्यांच्या प्रतिकृती विकल्या आणि चित्रपटाची निर्माती लुकासफिल्म कंपनी कोर्टात गेली. २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ते हेल्मेट म्हणजे शिल्प नव्हे, चित्रपटासाठी केलेली उपयोगाची वस्तू आहे. कायद्याने शिल्प आणि वस्तू यांच्यात रेघ ओढली. हाताचं आणि कल्पनेचं देणं किती, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. माझ्या मुठीची कल्पना क्रिश्चन यांची, हात मिस्त्रींचा. मी मापं गोळा केली आणि पैसे दिले. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं, असं मी ठरवलं आहे.

मूठ जुनी दिसावी म्हणून तिच्यावर ओरखडे आणि काळपटपणा आणायचा आहे, आणि इथे मला भीती वाटते. तयार झाली की ती माझ्या घरात राहील. पुढे ती कुणाच्या हाती जाईल आणि तो तिला काय म्हणून विकेल, यावर माझा ताबा नाही. म्हणून आतल्या बाजूला, भाग उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, ‘प्रतिकृती’ हा शब्द, साल आणि मिस्त्रींच्या नावाची आद्याक्षरं कोरून घेणार आहे. त्यांना विचारलं तेव्हा ते लाजले, पण हो म्हणाले.

आणि अ‍ॅल्युमिनियमची प्रतिकृती का, जुने अस्सल भाग का नाहीत, तर ल्यूकच्या मुठीला लागणाऱ्या ग्राफ्लेक्सच्या दांड्यांची गत डोळ्यांपुढे आहे; अस्सल दांड्या आता फारशा उरलेल्या नाहीत. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी वापरलेली ती साधनं चाहत्यांनी विकत घेतली आणि भोकं पाडून त्यांच्या तलवारी केल्या. ज्या चित्रपटावर माझं प्रेम आहे, त्यापायी छायाचित्रणाच्या इतिहासाचा तुकडा कापला जावा, हे मला मान्य नाही.

तुम्हीही कधी असा एकच नग करून घ्यायला कुणा मिस्त्रीकडे गेलात, तर नीट ड्रॉइंग न्या, सेटिंगचे पूर्ण पैसे द्या, आणि वस्तू दाखवताना त्यांचं नाव आधी घ्या.