प्रेमाला मोजमाप असावे काय?

आमच्या थोरल्या मावशी आजारी पडल्या तेव्हा आम्हां सर्व भाचरांना एका गोष्टीचा मोठा अभिमान वाटत असे. त्या कण्हत नसत. कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता, कूस बदलताना कपाळावर घाम येई. परंतु संध्याकाळी जपमाळ सुरू झाली की त्या उशीला टेकून बसत आणि शेवटच्या 'आमेन'पर्यंत स्थिर राहत. भेटीला येणाऱ्या शेजाऱ्यांना आम्ही सांगत असू, "मावशींनी सारे दुखणे प्रभूच्या चरणी वाहिले आहे." हे वाक्य आमचे होते, त्यांचे नव्हते, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

मुंबईहून घरी येऊ लागलेल्या एका परिचारिकेने पहिल्याच भेटीत वही उघडली आणि विचारले, "आजी, दुखणे मुळीच नसेल तर शून्य आणि अगदी असह्य असेल तर दहा. आता किती आहे?" हा प्रश्न आम्हांला शाळेतल्या गुणपत्रिकेसारखा वाटला, किंचित अपमानास्पदही. मावशींनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "आठ. रात्री नऊ." तीन महिने आम्ही त्यांच्या उशाशी होतो. पाणी पाजले, पाय चेपले, नोव्हेना केल्या. हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

तेव्हापासून एक शंका आमची पाठ सोडत नाही. शुश्रूषा ही जर प्रेमाची कृती, तर तिची नोंद ठेवावी काय? ती आकड्यांत मांडावी काय? रुग्णसेवेविषयी संशोधन करणारे नेमके हेच करतात. त्यांचा विषय रोगजंतू किंवा नवे औषध हा नसतो. रुग्णाला वेदना किती होतात, आजाराविषयी त्याला कोणी काय सांगितले, रात्री त्याला कुशीवर कोण वळवते, घरच्यांना झोप मिळते काय, आणि आपण जी मदत देतो तिने ह्यांतले काही बदलते काय, एवढेच ते विचारतात. दान गुप्तपणे करावे असे लहानपणापासून शिकलेल्या मनाला हा हिशोब रुचत नाही. आम्हांलाही रुचला नव्हता.

ह्या शंकेपायी आम्ही सिसिली सॉन्डर्स ह्या इंग्रज विदुषीच्या कार्याकडे वळलो. पूर्व लंडनमधील हॅकनी येथे आयर्लंडच्या 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' संघाच्या भगिनी १९०५ पासून सेंट जोसेफ्स हे मरणोन्मुखांचे शुश्रूषागृह चालवीत होत्या. बाई १९५८ मध्ये तेथे डॉक्टर म्हणून गेल्या. त्या स्वतः कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन होत्या. त्या काळी बहुतेक ठिकाणी अशी रीत होती की वेदना परत उसळावी, रुग्णाने विनवणी करावी आणि मग त्याला मॉर्फीन मिळावे. औषधाची चटक लागेल ही भीती त्यामागे होती. सेंट ल्यूक्स ह्या दुसऱ्या शुश्रूषागृहात सेवाभावी परिचारिका म्हणून काम करीत असताना बाईंनी वेगळी पद्धत पाहिली होती: वेदना डोके वर काढण्यापूर्वीच घड्याळाबरहुकूम औषध. ती त्यांनी हॅकनीला आणली. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक रुग्णाची टिपणे ठेवली, रुग्णांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. अशा सुमारे हजार रुग्णांच्या नोंदींतून त्यांनी दाखवून दिले की नियमित दिलेल्या औषधाने वेदना आटोक्यात राहते आणि ज्या व्यसनाचा धाक होता ते लागत नाही.

त्या भगिनींच्या ठायी प्रेमाची उणीव होती काय? मुळीच नव्हती. उणीव वहीची होती.

पुढे १९६७ मध्ये बाईंनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारले. तेथे डायमॉर्फीन हे औषध मॉर्फीनपेक्षा सरस आहे असा सर्वांचा समज होता. १९७० च्या दशकात रॉबर्ट ट्वायक्रॉस ह्या डॉक्टरांनी तेथेच त्याची पद्धतशीर तुलना केली. मात्रा योग्य राखून दोन्ही तोंडाने दिली तर रुग्णाच्या दृष्टीने लक्षात यावा असा फरक पडत नाही, असे निघाले. स्वतःच्याच घरातला आवडता समज असा कसाला लावायला वेगळे धैर्य लागते. जेथे डायमॉर्फीन औषध म्हणून मिळतच नाही अशा देशांतल्या रुग्णांना त्याचा केवढा दिलासा! आपल्या देशात मात्र मॉर्फीनही दुर्मीळ झाले होते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे अफू पिकवणाऱ्या ह्याच भूमीवरचे रुग्ण तळमळत राहिले. कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. वांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी शांती आवेदना सदन सुरू केले, ते ह्याच अडचणीच्या दिवसांत.

अर्थात वही उघडली की वेदना पळते, असेही नाही. अमेरिकेतील पाच मोठ्या रुग्णालयांत नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांचा एक अभ्यास झाला व तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. शुद्धीवर असताना रुग्णालयात मरण पावलेल्यांपैकी निम्म्यांना अखेरच्या दिवसांत किमान अर्धा वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत होत्या, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. मग दुसऱ्या टप्प्यात खास प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. त्यांनी रुग्णांची इच्छा जाणून घ्यावी, ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी, कुटुंबाला समजवावे अशी योजना होती. योजना उदात्त होती. निष्पन्न काय झाले? वेदना कमी झाल्या नाहीत, अतिदक्षता विभागातले दिवस कमी झाले नाहीत, डॉक्टर व रुग्ण ह्यांचा संवादही वाढला नाही.

वाचकहो, आम्हांला ह्या अभ्यासाचे मोल वाटते ते त्यातील अपयशामुळेच. मोजले नसते तर ह्या योजनेचा गौरव समारंभ झाला असता. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो. 'मी प्रेम करतो' एवढ्या विधानावर तेथे भागत नाही. सेवेलाही अशी तपासणी असू नये काय? आमच्याच धर्मग्रामाचे पाहा. आजाऱ्यांच्या किती घरी कम्युनियन नेले ह्याचा आकडा वार्षिक अहवालात न चुकता असतो. ती वेळ त्यांच्या सोयीची होती काय, कोणी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या सुनेला तासभर बाहेर जाऊ दिले काय, हे कोणी विचारत नाही. (आम्हीही त्या समितीवर चार वर्षे होतो.)

एक आक्षेप मात्र खरा आहे. मरणाच्या दारातल्या माणसापुढे प्रश्नावली धरणे हा छळही होऊ शकतो. ज्या उत्तराने त्याच्या किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्याच्या खाटेपर्यंत काहीच परत येणार नाही, ते उत्तर मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे हे दिसतच होते, तरी प्रभूने त्याला विचारले. आणि विचारून तो पुढे निघून गेला नाही.

राहिला प्रश्न दुःख अर्पण करण्याचा. परमगुरू बारावे पायस ह्यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्पष्ट केले होते की वेदनाशमन नाकारण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. अन्य उपाय नसेल तर, शुद्ध मंदावण्याचा किंवा आयुष्य काहीसे उणावण्याचा संभव असूनही, वेदनाशामक घेता येते. स्वखुशीने दुःख अर्पण करणाऱ्याची थोरवी त्याने कमी होत नाही. पण अर्पण ज्याचे त्याने करायचे असते. मावशींच्या वेदना आम्ही त्यांच्या वतीने अर्पण करून टाकल्या होत्या, त्यांना न विचारता, आणि वर त्याचे भूषणही मिरवले होते.

परिचारिका तिसऱ्या दिवशी परत आली. गोळ्यांची मात्रा ठरली होती, वेळापत्रक भिंतीवर लागले होते. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. "तीन," मावशी म्हणाल्या. वहीत आकडा लिहून झाल्यावर तिने पेन मिटले आणि विचारले, "आणखी काही सलते आहे का, आजी?"

मावशी बराच वेळ गप्प होत्या. वेदना ओसरल्यावर माणसाला विचार करायला अवकाश मिळतो, हे आम्ही तेव्हा प्रथम पाहिले. मग त्यांनी परिचारिकेकडे नव्हे, आमच्याकडे पाहून विचारले, "मला काय झाले आहे, ते तुम्ही मला केव्हा सांगणार?"

रुग्णालयाचा अहवाल तीन महिने आम्ही कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली लपवून ठेवला होता. ते कपाट त्यांचेच होते.