कुयरीचं झाकण

संक्रांत ते रथसप्तमी वाशीम-कारंजाकडे घरोघरी हळदी-कुंकवाची लगबग असते. गुलाबदाणी, अत्तरदाणी, तीळगूळ, वाण अशा सगळ्या सरंजामात मान असतो चांदीच्या कुयरीचा. घाट कैरीचा, झाकणावर इवलासा मोर; त्यालाच धरून झाकण बाजूला सरकवायचं. आत दोन कप्पे, एकात हळद, एकात कुंकू. सोन्यापुढे तिची किंमत ती काय! पण अडीनडीला सोनं गहाण टाकणारं घरही कुयरीला सहसा हात लावत नाही. ती सासूकडून सुनेकडे जाते.

कधी जाते, हे सांगताना मात्र जीव तुटतो. बहुतेकदा सासरे गेल्यावर. आमच्या शेजारच्या काकूंनीही अशीच मुकाट्याने सुनेच्या हाती दिली. पुढच्या संक्रांतीला काकूच पहाटे उठून ती रांगोळीने लख्ख घासत होत्या, काडीला कापूस गुंडाळून मोराच्या पिसांतला काळेपणा काढत होत्या. बायका यायची वेळ झाली तशा आतल्या खोलीत जाऊन बसल्या. घासायचा हक्क राहिला, उघडायचा गेला!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडकरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण परिपत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यापर्यंत पोहोचतं. कुयरी फिरते माजघरात, आणि तिथला ठराव आपणा बायकांनाच करावा लागणार.

मुलीच्या कपाळी कुंकू लागतं ते अगदी लहानपणी. तेव्हा नवऱ्याचा पत्ताही नसतो. मग तो गेल्यावर ते त्याच्याबरोबर कसं काय जातं? या प्रश्नाचं मला पटेल असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

यंदा बोलावणं करायला निघाल की आळीतल्या अशा काकूकडे, जावेकडे आधी जा. ती 'मला कशाला गं' म्हणेलच. तिथेच बसा, चहा मागा, आणि ती हो म्हणेपर्यंत उठू नका.