वाढलेली किंमत कोणाची?

घरपट्टी वाढवण्याविरुद्ध मत देणारा माणूस स्वतःची कमाई वाचवतो, असे आपण मानतो. मला हे अर्धेच खरे वाटते. भिंती मालकाच्या कष्टाच्या. पण खालच्या जमिनीचा भाव रस्ते, शाळा, अग्निशमन दल आणि शेजारच्या वस्तीमुळे चढतो. अमेरिकी अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये कॅलिफोर्नियातून हे मांडले होते. त्याच कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले: कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधला, आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू शकत नाही. परिणामी एकाच गल्लीतल्या सारख्या घरांपैकी नव्याने घेतलेल्या घराला जुन्याच्या कित्येक पट कर बसतो, आणि रस्ता मात्र दोघांचा एकच. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनेत बसतो असे ठरवले. न्यायात तो बसत नाही.

निवृत्त माणसाने करापायी घर का गमवावे, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर त्याच राज्यात आहे: कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना कर पुढे ढकलता येतो, घर विकल्यावर तो फेडला जातो. गरजूची ढाल सधनाने वापरू नये. तरीही २०२० मध्ये मोठ्या व्यापारी मालमत्तांची ही सवलत काढण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. तो कौल चुकीचा होता.