वही कुणाच्या हातात

"आपल्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय?" नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रात थोडा वेळ बसलं, की हे वाक्य कानावर पडतंच. पीकविम्याचा अर्ज भरायला आलेला शेतकरी सातबारा, आधार कार्ड, पासबुक टेबलावर ठेवतो आणि मोबाईलही तसाच पुढे सरकवतो. "ओटीपी आला का बघ रे" म्हणतो. केंद्रावरचा पोरगा मेसेज उघडतो, आकडे टाकतो. मध्येच बँकेचा मेसेज येतो, तोही त्याच्या नजरेखालून जातो. तोवर रांगेतल्या चौघांना कळलेलं असतं, की याचं खातं कुठल्या बँकेत आहे आणि त्यात किती शिल्लक आहे. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. पोरगा गावातला आहे, त्याच्या बापाशी बांधाला बांध आहे, आणि याच्या पोरीच्या लग्नात तो पंगतीला वाढत होता.

शहरातले जाणकार अशा माणसाला अडाणी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्याच्या बोलण्यामागे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवानं घडलेला एक विचार आहे. तो कुठून आला आणि आज कुठे अपुरा पडतो, हे नीट पाहिलं पाहिजे. त्यासाठी नगरसारखा जिल्हा नाही, कारण हा विचार इथेच अगदी टोकापर्यंत जगला गेला.

शनिशिंगणापूर नगरहून पस्तीसेक किलोमीटरवर, नेवासा तालुक्यात. देव उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही, आणि गावातल्या घरांना दारं लावायची नाहीत ही रीत. चौकट असते, तिला पडदा. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी लावायची. चोरी करणारा गावची शीव ओलांडू शकत नाही, शनिदेव त्याला सोडत नाही, ही श्रद्धा. त्या श्रद्धेचा मान ठेवून मला तिच्याशेजारची आणखी एक गोष्ट दिसते. तिथे सगळ्यांचीच घरं उघडी होती. एकाचं उघडं आणि दुसऱ्याचं बंद, असा मामला नव्हता. शेजाऱ्याला माझ्या घरातलं जेवढं दिसे, तेवढंच मला त्याच्या घरातलं. परक्या माणसाचं पाऊल पडलं की दहा जणांच्या लक्षात यायचं. आणि पडदा होताच. चोराच्या भीतीनं दार लावायची गरज नव्हती, पण नजरेपुरता आडोसा त्या गावानंही राखला होता. सुरक्षितता आणि खासगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिंगणापूरच्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढे गावात परके लोक लाखोंनी येऊ लागले. २०१० साली एका भाविकानं गाडीतून पैसे चोरीला गेल्याची तक्रार केली. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेनं तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. बातम्या झाल्या, कौतुक झालं. दार मात्र होतं. काचेचं, पारदर्शक, आणि त्याला सहज नजरेस न येणारं विजेवर चालणारं कुलूप होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये पोलीस ठाणं आलं, तेही समोरच्या दाराविना. परंपरेचा मान राखायची दोघांची इच्छा खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्या काचेच्या दारापाशी काहीतरी बदललं. आतल्याला कुलूप ठाऊक होतं, बाहेरच्याला ते दिसत नव्हतं. उघडेपणाची बरोबरी तिथे पहिल्यांदा मोडली, असं मला वाटतं.

बरोबरी मोडते तेव्हा काय होतं, याचा अनुभव मात्र या जिल्ह्यानं फार आधी घेतला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. ते लोण नगर जिल्ह्यात पसरलं आणि दोन महिन्यांत तीसहून अधिक गावं पेटली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव उतरला होता, सारा वाढला होता आणि कर्ज फिटत नव्हतं. ही सगळी कारणं इतिहासाच्या पुस्तकात असतात. माझं लक्ष दुसरीकडे जातं. शेतकऱ्यांनी मागितलं काय? रोखे, खतं, हिशेबाच्या वह्या. सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद चव्हाट्यावर आणून जाळले गेले.

त्यांनी कागदच का मागितले, ते समजून घेण्यासारखं आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांपुरता केला होता. हेतू चांगला होता, कर्ज साचू नये. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेई आणि थकलेलं व्याज नव्या मुद्दलात घाली. कुणब्यानं खाली नांगराची निशाणी करायची. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे, भरलेल्या पैशाची पावती मिळत नसे, आणि कोर्टात गेलं की तोच कागद खरा ठरे. त्याच्याविषयी सर्व काही लिहिलेली वही दुसऱ्याच्या घरात होती. त्याचं कर्ज सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्याचं दुःख त्याला नव्हतं. त्याच्या कर्जाची वही त्याला स्वतःलाच वाचता येत नव्हती, हे दुःख होतं.

सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आणला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातली कर्जासाठी अटक न करण्याची तरतूद सगळ्यांना आठवते. मला जास्त मोलाची वाटते ती दुसरीच. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हायचा. धनकोनं पैसे मिळाल्याची पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, मागितलं तर पासबुक द्यायचं. त्यामुळे सावकारी संपली नाही. कायद्यातून पळवाटाही निघाल्या. तरी ज्याच्याविषयी लिहिलं जातं त्याला त्याची प्रत मिळाली पाहिजे, हे तत्त्व या मातीत कायद्याच्या भाषेत उतरलं.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातून पुढचं पाऊल पडलं. ऑगस्ट २००३ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि महाराष्ट्राच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. दोन वर्षांनी, १२ ऑक्टोबर २००५ ला केंद्राचा कायदा लागू झाला. आता वही सरकारची होती आणि ती बघण्याचा हक्क नागरिकाचा. रोजगार हमीच्या कामावर कधी न गेलेल्या माणसांची नावं हजेरीपटावर कशी आली, मंजूर झालेलं घरकुल कुणाच्या नावावर गेलं, हे साध्या कागदावर अर्ज करून विचारता येऊ लागलं. जवळच्याच हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे सगळ्यांसमोर येतं आणि त्यावर पिकं ठरतात. तिथेही सगळ्यांचं सगळ्यांना दिसतं, म्हणून ते टिकतं.

इतकं झाल्यावर माणसाला वाटणारच, की उघडेपणा नेहमी गरिबाच्या बाजूचा असतो. "लपवायचं काय" या वाक्याला त्या काळात बळ मिळालं ते याच अनुभवातून. ज्याच्या पोटात पाप, तोच कागद दडवतो. तो अनुभव खोटा नव्हता.

मग २०१७ आलं. राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संपाची हाक दिली, १ जूनपासून दूध-भाजी शहरांकडे जायची थांबली आणि २४ जूनला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन. पती-पत्नी दोघांचे आधार क्रमांक, बँक खातं, कर्जाचा तपशील, यंत्रावर बोटाचा ठसा. उसाच्या आणि मातीच्या कामानं रेषा झिजलेली बोटं यंत्र ओळखेना. "अंगठा उठत नाही" हे वाक्य रेशन दुकानात आजही रोज ऐकू येतं. पुढे अर्जांच्या याद्यांचं चावडीवाचन ठरलं. सातबाऱ्याचं वाचन गावाला नवं नाही, चावडीवर ते होत आलंय. पण कुणाचं किती कर्ज थकलं हे नाव घेऊन वाचायचं म्हटल्यावर माणसं दुखावली. टीका झाली. लपवण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्या त्याच माणसाला त्या दिवशी घरी बसावंसं वाटलं. ज्यांनी कर्जं बुडवून मोठमोठे कारखाने उभे केले त्यांचं वाचन कुठल्या चावडीवर झालं नाही, आणि हे त्याला बरोबर कळत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, २४ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानं निकाल दिला. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं आणि आणीबाणीत त्यांच्याच वडिलांनी ज्या बहुमताच्या निकालाला साथ दिली होती तो चूक ठरवला. दिल्लीतला हा निकाल आणि चावडीवरची घालमेल एकाच हंगामातली आहे. गावात निकालाची चर्चा झाली नाही, पण दोन्हीकडे दुखणं एकच होतं.

आता पुन्हा शिंगणापूर. २०२५ मध्ये देवस्थानच्या नावानं बनावट ॲप चालवून ऑनलाइन पूजा, अभिषेकाचे पैसे भाविकांकडून उकळल्याचं प्रकरण पुढे आलं. सायबर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, जुलैमध्ये विधानसभेत त्यावर चर्चा झाली. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. हजारो मैलांवरचा भाविक मोबाईलवर शिळेचा फोटो बघतो, नाव-गोत्र-नंबर भरतो, पैसे पाठवतो. ते कुठे गेले हे त्याला दिसत नाही. शिंगणापुरात घराला दार नव्हतं, कारण येणारा-जाणारा सगळ्यांना दिसायचा. पडद्याआडचा माणूस दिसतच नसेल, तर दार नसण्याचा फायदा फक्त त्याचा.

सेवा केंद्रातल्या त्या शेतकऱ्याशी माझा वाद एवढाच आहे. तो पोरावर विश्वास ठेवतो, ते योग्यच आहे. पण ओटीपी पोरापाशी थांबत नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लग्नपत्रिकेच्या किंवा पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल येते. पाठवणारा ओळखीचा दिसतो, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. ती उघडली की खात्याचे मेसेज दुसरीकडे वळतात. पैसे गेल्यावर १९३० वर लगेच फोन करायचा असतो, हे अजून अनेकांना माहीत नाही. शिवाय २०२५ पासून राज्यातल्या शेती योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक लागतो. त्याला आधार जोडलेलं, जमीन जोडलेली. सोय मोठी आहे, मी तिच्या विरोधात नाही. मात्र ही वही कोण कोण वाचतं, हे त्या शेतकऱ्याला कळायचा मार्ग मला गावात कुठे दिसत नाही.

यावर कायदा आला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपल्याविषयीची माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून घेण्याचा हक्क देतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. पण या हक्कांची कलमं अठरा महिन्यांनी अंमलात येणार, आणि माहितीच्या अधिकारातली कलम ८(१)(ञ) ची दुरुस्ती मात्र लगेच लागू झाली. आता माहिती वैयक्तिक आहे एवढं कारण ती नाकारायला पुरतं. व्यापक जनहितासाठी ती देता येईल अशी वाट कलम ८(२) मध्ये उरली आहे, पण जनहित आहे हे पटवण्याचं ओझं अर्ज करणाऱ्यावर पडणार. हजेरीपटावरचं बोगस नावही वैयक्तिक माहितीच. ज्या हक्कासाठी पारनेरचा माणूस उपाशी बसला, तो खासगीपणाच्या नावानं आवळला जातोय, याचा मला मनापासून राग येतो. दुबळ्याचा आडोसा आणि बलवानाचं दार एकाच कलमानं मोजलं गेलं.

ग्रामसभेला अठरा महिने थांबायचं कारण नाही. येत्या सभेत दोन साधे प्रश्न लेखी देता येतील. गावच्या सेवा केंद्रात अर्जासोबत घेतलेल्या आधार, पासबुकाच्या प्रती आणि मोबाईलमधले फोटो काम झाल्यावर कुठे राहतात, ते कोण पुसतं? आणि प्रत्येक अर्जदाराला त्याच्या नावानं नेमकी काय माहिती भरली, याची छापील प्रत हातात मिळते का? सावकारालाही १८७९ पासून पावती द्यावी लागत होती.