माहीत असणे आणि पाहणे

चित्रकला ही उपजत देणगी आहे, ज्याचा हात वळतो त्याने त्या वाटेला जावे आणि इतरांनी प्रदर्शने पाहून समाधान मानावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रेखाटनाची वही घेऊन रोज अर्धा तास बसणाऱ्याला मात्र निराळाच अनुभव येतो. हाताइतकाच, किंबहुना हाताहून अधिक, त्याचा डोळा अडतो. डोळा का अडतो याचा शोध घेऊ लागले, की कलेचा वाटणारा हा प्रश्न नीतीच्या प्रांतात शिरतो.

महाराष्ट्रातील शाळांतून एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या वाचकांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन विषय आठवत असतील. स्मरणचित्रात मनात साठलेले कागदावर उतरवायचे, वस्तुचित्रात समोर मांडलेले. समोर पितळी पेला ठेवला, तर नवशिके मूल त्याचे तोंड पूर्ण गोल काढते आणि बूड सरळ रेषेने आखते. तोंड गोल असते हे त्याला ठाऊक आहे. पेला टेबलावर सपाट बसतो हेही ठाऊक आहे. प्रत्यक्षात त्याच्या जागेवरून तोंड लंबवर्तुळाकार आणि बुडाची कडा वक्र दिसते. म्हणजे वस्तुचित्राच्या तासाला ते मूल स्मरणचित्रच काढत असते. त्याच्या आड अज्ञान नव्हे, ज्ञान आलेले असते.

पेल्याच्या बाबतीत हे क्षम्य आहे. माणसाच्या बाबतीत तसे म्हणता येईल का? दादरच्या फुलबाजारात डोक्यावर पाटी घेतलेला माणूस दिसला, की मन ‘हमाल’ हा शब्द उच्चारते आणि डोळा सुटी घेतो. त्याला वहीत रेखाटू लागावे, तर तो शब्द काहीच कामाला येत नाही. एक खांदा दुसऱ्यापेक्षा किती खाली आहे, मान कोणत्या बाजूला कलली आहे, भार कोणत्या पायावर आहे, हे पाहिल्याखेरीज पेन्सिल पुढे सरकत नाही. सहानुभूतीचे शब्दही असेच डोळे झाकतात. परळ-लालबागेत १९८२ च्या संपानंतर ‘गिरणी कामगार’ हा शब्द भाषणांतून इतका वापरला गेला, की त्यामागचा एकेक चेहरा पाहण्याची गरजच जणू उरली नाही.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. महादेव विश्वनाथ धुरंधर तेथे १८९० साली विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ पर्यंत त्या संस्थेशी बांधलेले राहिले. आपल्या आठवणींना त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. या शहरातील रस्त्यावरची माणसे त्यांनी अमाप रेखाटली. अमुक धंद्याचा, अमुक जातीचा ‘नमुना’ म्हणून अशा चित्रांना त्या काळी मागणी होती. तरीही जेथे त्यांच्या रेषेने एखाद्या पाठीचा बाक अचूक पकडला आहे, तेथे नमुना मागे पडतो आणि एक विशिष्ट माणूस उभा राहतो, असे मला वाटते.

रेखाटनवहीचा आणखी एक नियम चांगले शिक्षक सांगतात. चुकलेली रेषा खोडू नये. तिच्याशेजारी दुसरी काढावी, पानावर तारीख घालावी. संत इग्नेशियस लॉयोला यांनी आत्मपरीक्षणासाठी अशीच एक पद्धत सांगितली आहे. एका दोषासाठी रोज दोन रेघा आखायच्या, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्यांवर द्यायचे, मग आजचे कालच्याशी आणि या आठवड्याचे मागील आठवड्याशी ताडून पाहायचे. ठिपक्याला सबब जोडता येत नाही. या दोन्ही वह्या प्रदर्शनासाठी नसतात, म्हणूनच त्यांत खोटे लिहिण्याचा मोह कमी होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नीट पाहणारा माणूस सहृदय असतोच असे नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणूस याजकाला दिसला, लेव्यालाही दिसला. दोघेही बाजूने निघून गेले. शिवाय न विचारता कुणाचा चेहरा वहीत उचलून घरी नेणे, यातही एक थंडपणा असू शकतो. हे मान्य केले पाहिजे. पाहण्याने करुणा उत्पन्न होईलच अशी हमी कुणी देऊ नये. परंतु न पाहता केलेल्या करुणेचे काय होते, तेही आपण जाणतो. ज्याला चष्मा हवा आहे, त्याच्या अंगावर आपण घोंगडी घालतो, कारण ‘गरीब’ या शब्दाबरोबर आपल्या मनात घोंगडीच येते. ते दान स्मरणचित्रासारखे असते. मनातल्या गरिबाला दिलेले.

म्हणून ज्यांचा हात वळत नाही त्यांनीही ही वही ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. आरंभ घरापासून करावा. आपल्या वडीलधाऱ्या माणसाचा चेहरा प्रथम आठवणीने काढावा; मग त्यांची परवानगी घेऊन, त्यांना समोर बसवून काढावा. चित्रे दोन्ही वाईटच येतील. त्या दोन पानांतील फरक मात्र शांतपणे पाहावा. ज्यांच्यासोबत आपण एवढी वर्षे जेवलो, त्यांच्याकडे शेवटचे केव्हा पाहिले होते, हे तो फरक सांगेल.